हवाई गाडी आणि पडद्याची बस

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



संयोजकांनी विषय दिलाय, 'समाज बदलू पाहणाऱ्यांची स्वप्नं'. अशा विषयावर बोलायला उभं राहिलं की वक्ते खिशातून एक यादी काढतात. सर सय्यद, बद्रुद्दीन तय्यबजी, मौलाना आझाद, हमीद दलवाई. प्रत्येकाला पाच मिनिटं आणि शेवटी टाळ्या. आज यादी नको. मी एकाच बाईंबद्दल बोलणार आहे. त्यांचं स्वप्न फार मोठं होतं आणि त्यांनी केलेल्या तडजोडीही तेवढ्याच मोठ्या होत्या. आपल्या चळवळीत 'तडजोड' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. म्हणूनच त्यांच्याबद्दल बोलावंसं वाटतं.

नाव रुकैया सखावत हुसेन. बंगालीत 'रोकेया' म्हणतात. बांगलादेशात ९ डिसेंबर हा दिवस त्यांच्या नावानं पाळतात, रंगपूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपल्याकडे सावित्रीबाई सगळ्यांना माहीत आहेत, फातिमा शेख यांचं नाव आता पोस्टरवर येतं, पण रुकैयाबेगम कोण असं विचारलं तर शंभरातले दोन हात वर होतील. बंगाल लांब आहे म्हणून असेल. किंवा मुसलमान बाई १९०५ साली विज्ञानकथा लिहीत होती, हे आपल्याच डोक्यात बसत नसेल.

त्यांचा जन्म १८८० सालचा, रंगपूरजवळच्या पायराबंद गावात, जमीनदार घरात. पडदा इतका कडक की पाच वर्षांच्या मुलीनं परक्या पुरुषांपासूनच काय, बाहेरून आलेल्या बायकांपासूनही लपायचं. पाहुण्या बायका आल्या की ही पोर पळाली माळ्यावर. एकदा नात्यातल्या घरून आलेल्या दोन मोलकरणी काही दिवस मुक्कामाला राहिल्या, तेव्हा लहानगी रुकैया ते सगळे दिवस माळ्यावरच्या अडगळीत दडून होती. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मुलींचं शिक्षण म्हणजे कुरआन वाचता यावा, थोडीफार उर्दू यावी. बंगाली आणि इंग्रजी वर्ज्य. बंगाली ही कुळांची, नांगर धरणाऱ्यांची भाषा, शरीफ घरच्या लेकीला ती कशाला? थोरली बहीण करीमुन्निसा चोरूनमारून बंगाली शिकली आणि पुढे कविता लिहू लागली. धाकटीला तिनं बंगालीची गोडी लावली, आणि भाऊ इब्राहीम साबेर रात्री घरदार झोपलं की मेणबत्ती पेटवून बहिणीला इंग्रजी शिकवायचा.

लग्न झालं ते भागलपूरच्या सखावत हुसेन यांच्याशी. डेप्युटी मॅजिस्ट्रेट, वयानं बरेच मोठे आणि बिजवर. कथा-कादंबऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे दुःखाला इथून सुरुवात व्हायला हवी. पण माणूस निराळा निघाला. बायकोनं लिहावं, छापावं, असं त्यांना मनापासून वाटे. (सुधारक बायकांच्या चरित्रात असा एखादा भाऊ, असा एखादा नवरा नेहमी सापडतो. मुलांनो, ही जागा अजून रिकामी आहे, अर्ज करायला हरकत नाही.)

एकदा सखावत साहेब दौऱ्यावर गेले होते. घरात एकटीला वेळ जाईना, म्हणून रुकैयाबेगमनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. साहेब परत आले, उभ्याउभ्याच सगळी वाचून काढली आणि बायकोनं भयंकर सूड उगवलाय, अशी दाद दिली. तीच गोष्ट 'सुलतानाज ड्रीम'. १९०५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये ती छापून आली.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यातली गंमत गेली तर पुढचं सगळं कोरडं होईल. सुलताना आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातल्या बायकांच्या दशेचा विचार करतेय. डोळा लागतो न लागतो तोच सारा नावाची मैत्रीण येऊन तिला फिरायला नेते. बाहेर पडते तर लख्ख उजेड, भरलेला रस्ता आणि अंगावर बुरखा नाही. सुलताना अंग चोरून चालते. रस्त्यावरच्या बायका तिला हसतात, कारण ती पुरुषासारखी लाजते म्हणे! या देशात पुरुष रस्त्यावर दिसतच नाहीत. ते आत आहेत. आपल्याकडे जनाना असतो, तिथे मर्दाना आहे. पुरुष आत बसून स्वयंपाक करतात, मुलं सांभाळतात.

सुलताना म्हणते, असं कसं? सारा उलट विचारते की वेड्यांच्या इस्पितळातून वेडे सुटून गावात धुडगूस घालू लागले तर कोंडायचं कुणाला, वेड्यांना की शहाण्यांना? तुमच्या देशात शहाण्यांना कोंडतात. आज कुठल्याही शहरात मुलीवर अत्याचार झाला की 'ती इतक्या रात्री बाहेर काय करत होती' असं विचारणारे भेटतात. त्यांना साराचा हा प्रश्न एकदा विचारून पाहा.

या देशात चुली पेटत नाहीत, धूर नाही, कोळसा नाही. उन्हाची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक होतो. ढगांतून पाणी थेट ओढून घेतात, म्हणून ना दुष्काळ, ना पूर. प्रवासाला हवाई गाड्या आहेत. राईट बंधूंचं पहिलं उड्डाण डिसेंबर १९०३ मधलं, आणि पडद्यात बसलेली ही भागलपूरची बाई दोन वर्षांत हवेतल्या गाड्या रस्त्याच्या वापरात आणते! ऑफिसचं काम रोज दोन तास. एवढ्यात कसं उरकतं, असं सुलताना विचारते तेव्हा सारा हिशेब मांडून दाखवते: एक चिरूट ओढायला अर्धा तास, साहेब दिवसाला बारा ओढतात, म्हणजे सहा तास धुरात गेले. सरकारी कचेऱ्यांत आता चिरूट नाही, मोबाइल आहे. आकडे फारसे बदलले नसावेत.

हे राज्य बायकांच्या हाती आलं कसं? तिथेही आधी पुरुषच राज्य करत होते. राणीनं मुलींसाठी विद्यापीठं काढली. एका विद्यापीठानं ढगांतलं पाणी आणलं, दुसऱ्यानं ऊन साठवलं. पुरुष तेव्हा फौजा वाढवण्यात गुंतले होते आणि या शोधांना हसत होते. मग शेजारच्या राजानं चढाई केली. कारणही लक्षात घेण्यासारखं आहे: तिकडून पळून आलेल्या काही लोकांना राणीनं आसरा दिला होता आणि त्यांना परत पाठवायला ती तयार नव्हती. लढाईत पुरुष हरले, जखमी होऊन परतले. तेव्हा विद्यापीठाच्या बाई पुढे आल्या. त्यांनी अट घातली की आम्ही बाहेर पडण्याआधी पुरुषांनी आत जावं, आमच्या पडद्याचा प्रश्न आहे. थकलेले पुरुष निमूट आत गेले. दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन बाई रणांगणावर गेल्या आणि साठवलेलं ऊन शत्रूवर सोडलं. लढाई तिथेच संपली. आणि आत गेलेले पुरुष पुन्हा कधी बाहेर आले नाहीत.

म्हणजे बघा, पडद्याचाच नियम पाळून पडदा उलटा केला. आता यावर 'बघा, स्त्रीवाद्यांना पुरुषांना कोंडायचंय' असं म्हणणारे आहेत, आणि 'हाच आमचा जाहीरनामा' म्हणणाऱ्या मुलीही मला भेटल्या आहेत. दोघांनाही विनोद कळलेला नाही. रुकैयाबेगम आरसा धरतात. अर्ध्या समाजाला कोंडणं पुरुषांच्या बाबतीत हास्यास्पद वाटत असेल, तर बायकांच्या बाबतीत ते शराफत कसं झालं? मला या गोष्टीत त्याहून मोलाचं वाटतं ते असं की देश वाचवते ती प्रयोगशाळा. बाईच्या हाती तलवार द्या, असं लेखिका म्हणत नाही. ती विद्यापीठ मागते.

इथवर स्वप्न झालं.

१९०९ मध्ये सखावत हुसेन गेले. दोन मुली तान्हेपणीच दगावल्या होत्या. मुलींच्या शाळेसाठी नवऱ्यानं दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. त्याच वर्षी रुकैयाबेगमनी भागलपुरात पाच मुली गोळा करून शाळा सुरू केली. सावत्र मुलीच्या घरच्यांशी वाद विकोपाला गेले आणि भागलपूर सोडावं लागलं. १६ मार्च १९११ ला कलकत्त्याच्या वलीउल्ला लेनमध्ये भाड्याच्या जागेत आठ मुलींवर पुन्हा श्रीगणेशा, आपल्या भाषेत बिस्मिल्ला. वय तिशीचं, घरचं कुणी जवळ नाही, आणि स्वतः जन्मात शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. वर्ग कसा घेतात हे कळावं म्हणून त्या कलकत्त्यातल्या ब्राह्मो आणि हिंदू मुलींच्या शाळांत जाऊन बसायच्या, बघायच्या, शिकायच्या.

मुली मिळवायच्या तर दारोदार जावं लागे. ज्या बाईनं बुरख्याविना भर रस्त्यातून चालणारी सुलताना लिहिली, ती कलकत्त्याच्या गल्ल्यांतून बुरखा घालून घरोघरी जात होती, 'तुमची मुलगी पाठवा, पडद्यात नेईन, पडद्यात आणीन' अशी हमी देत होती. ज्या घरांनी मुली दिल्या, त्या या हमीवर दिल्या.

आणि मग ती बस. शाळेनं मुलींना नेण्या-आणण्यासाठी मोटार बस घेतली. बसचा पडदा इतका बंदोबस्ताचा होता की पुढे-मागे बोटभर जाळी सोडली तर हवा यायला वाट नव्हती. पहिल्याच दिवशी आत काळोख आणि उकाडा, लहान मुली भेदरून रडल्या, काहींना ओकाऱ्या झाल्या. मग झडपा उघडून खिडक्यांना रंगीत कापडाचे पडदे लावले. तरी त्रास संपला नाही, मुलींना घेरी येत होती. बस बघून एका परिचित बाईंना कलकत्त्याची ती प्रसिद्ध काळकोठडी आठवली. मुलींच्या आया तक्रार घेऊन आल्या की पोरी घुसमटतात. हे होतंय तोच पत्रं आली, धर्मबांधवांची, इंग्रजीत आणि उर्दूत. तक्रार काय? वाऱ्यानं पडदे हलतात. पडदे हलले की मुली बेपर्दा होतात. बंदोबस्त केला नाही तर उर्दू वर्तमानपत्रांतून शाळेची बदनामी करू.

एकीकडे आया म्हणतात हवा द्या, दुसरीकडे मोहल्ला म्हणतो हवा बंद करा. मध्ये ही बाई. 'अवरोधबासिनी' नावाच्या पुस्तकात त्यांनी पडद्यापायी झालेल्या हालांचे सत्तेचाळीस प्रसंग लिहिलेत. त्यातला शेवटचा प्रसंग हा, स्वतःच्याच शाळेचा. वाचताना हसूही येतं आणि घशाशी काही अडकतंही.

इथे जरा थांबते. मला कळलंय की तुमच्यातल्या काही जणी वस्तीत मुलींची अभ्यासिका चालवतात, आणि तिच्या दाराला पडदा लावायचा की नाही यावरून तुमच्यात कडाक्याचं भांडण झालं. पडदा लावला तर मुली येतात, आया पाठवतात. काढला तर तत्त्व राहतं, मुली राहत नाहीत. दोघांनी याच मुद्द्यावर काम सोडलं. माझ्या आजच्या भाषणामागे तेही एक कारण आहे. ज्यांनी सोडलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. पडदा लावण्यात जे गमावलं जातं ते त्यांना दिसलं होतं, आणि ते खरंच गमावलं जातं. फक्त, रुकैयाबेगमनी काय-काय सोडलं आणि काय सोडलं नाही, ते नीट पाहून घ्या.

पहिलं, त्यांनी स्वतःचा मोकळा चेहरा सोडला. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. बायकांच्या अवनतीवर त्यांचा एक निबंध १९०४ मध्ये 'नवनूर' मासिकात आला. त्यात धर्माच्या नावानं बायकांना जे नियम लावले जातात ते पुरुषांनी बनवलेले आहेत, अशा अर्थाचं थेट लिखाण होतं. गहजब झाला. तोच निबंध पुस्तकात घेताना त्यातले काही परिच्छेद गाळले गेले. लेखकानं स्वतःची वाक्यं गाळणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यांना विचारा. माझ्या मते ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महाग तडजोड. पडद्याची बस पुढे कधीतरी बदलते, गाळलेला परिच्छेद वाचकापर्यंत पोचायला पिढ्या लागतात.

तिसरी तडजोड भाषेची, आणि ती आपल्या फार जवळची आहे. घरच्यांच्या मनाविरुद्ध बंगाली शिकलेली, सगळं महत्त्वाचं लेखन बंगालीत करणारी ही बाई, आणि तिच्या शाळेत शिकवलं जाई उर्दूतून. कारण कलकत्त्यातल्या ज्या शरीफ मुसलमान घरांतून मुली येत, ती उर्दू बोलणारी होती. बंगाली वर्ग काढून पाहिला, मुलीच मिळाल्या नाहीत, बंद करावा लागला. मातृभाषेसाठी त्या शेवटपर्यंत बोलत-लिहीत राहिल्या, पण शाळा त्यासाठी मोडली नाही. इथे बसलेल्या कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांना हा पेच समजावून सांगायला नको. घरात एक बोली, मशिदीत दुसरी भाषा, शाळेत तिसरी, आणि 'तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?' हा प्रश्न चौथ्या भाषेसारखा पाठीमागे लागलेला. ज्या समाजात 'खरा मुसलमान उर्दूच बोलतो' असं शेजारी आणि घरचे दोघेही म्हणतात, तिथे मराठीत विचार करणं हीसुद्धा एक सुधारणाच असते. आपलं हे नियतकालिक दोन भाषांत निघतं त्यामागेही हाच पेच आहे.

आता सोडलं काय नाही? मुलगी वर्गात बसली पाहिजे, हे सोडलं नाही. गणित, इंग्रजी, प्रथमोपचार, शिवण, व्यायाम, हे वर्गातलं सोडलं नाही. पडदा वर्गाच्या दारापर्यंत, वर्गात काय शिकवायचं ते मात्र आम्ही ठरवू, असा तो सौदा होता. चार वर्षांत मुली ऐंशीच्या वर गेल्या, आणि बाई जाण्यापूर्वी शाळा हायस्कूल झाली होती. कलकत्त्याच्या लॉर्ड सिन्हा रोडवर ती आजही भरते, आता सरकारी आहे.

आणि लिहिणं सोडलं नाही. मला यात त्यांची खरी ताकद दिसते. तडजोड करणारी माणसं बहुधा हळूहळू आपलं स्वप्नही कातरून तडजोडीच्या मापाचं करतात. आधी 'सध्या पडदा लावू' म्हणतात, पाच वर्षांनी 'पडदा तसा वाईट नाही' म्हणतात, दहा वर्षांनी पडद्याच्या समर्थनार्थ व्याख्यान देतात. असे कार्यकर्ते मी पाहिलेत, तुम्हीही पाहाल. रुकैयाबेगमनी बसला पडदा लावला आणि त्याच पडद्याची अब्रू काढणारं पुस्तक १९३१ मध्ये छापलं. त्या वेळी शाळा चालू होती, बदनामीची धमकी देणारेही गावातच होते. स्वप्नाची वही एक, व्यवहाराची वही दुसरी. एकीतली रक्कम त्यांनी दुसरीत कधी घुसडली नाही. १९३० च्या अखेरीस तर त्या खरोखर विमानात बसल्या, पन्नास मैल हवेत फिरून आल्या आणि त्यावर लेख लिहिला. पंचवीस वर्षांपूर्वी कागदावर उडवलेली गाडी त्यांना तेव्हा आठवली नसती तरच नवल.

त्यांच्या कामाला मर्यादा नव्हत्या असं नाही. शाळेची गाडी शरीफांच्या दारात थांबत होती. विणकर, मोलमजुरी करणाऱ्या घरांतल्या मुली तिच्यात चढत नव्हत्या. त्यांच्या आयांना पडदा परवडत नव्हता, त्या आधीपासून रस्त्यावरच होत्या. ही उणीव बाईंना दिसत होती म्हणून असेल, १९१६ मध्ये त्यांनी 'अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम' ही संस्था काढली. तिच्यातर्फे वस्तीतल्या बायकांना लिहाय-वाचायला, हातकामाला शिकवलं जाई, विधवांना मदत केली जाई. पण जोर शाळेवर राहिला. मुस्लिम समाजातल्या सुधारणेचा इतिहास लिहिताना आपण अजूनही शरीफ घरांचाच इतिहास लिहितो. अत्तार, बागवान, पिंजारी, मोमीन घरांतल्या पहिल्या शिकलेल्या बाईचं नाव तुमच्या गावात कुणाला माहीत आहे का, ते या सुट्टीत जरा विचारून या.

डिसेंबर १९३२ मध्ये रुकैयाबेगम गेल्या. आदल्या रात्री उशिरापर्यंत लिहीत होत्या. स्त्रियांच्या हक्कांवरचा लेख टेबलावर अर्धवट राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इकडे चिपळूणजवळच्या मिरजोळीत हमीद दलवाई जन्माला आले होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण ही तारीख मला सोयीची आहे, कारण आपल्या सभांमध्ये दलवाईंचं उदाहरण काढल्याशिवाय हा वाद संपत नाही. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा गेला. तोंडी तलाक नको, बहुपत्नीत्व नको, सगळ्यांना समान नागरी कायदा हवा. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. दलवाईंनी कशालाच पडदा लावला नाही, ना मोर्च्याला, ना लिखाणाला. बहिष्कार, शिव्या, अंगावर धावून येणं, सगळं सोसलं आणि १९७७ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. सात बायकांनी मागितलेली त्यातली एक गोष्ट, एका दमातल्या तीन तलाकाचा शेवट, ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं झाली. मध्ये एकावन्न वर्षं. २०१९ च्या कायद्यानं तिला नवऱ्यासाठी तीन वर्षांच्या कैदेची शेपटी जोडली, आणि ज्यांना तलाक थांबायला हवा होता त्यांच्यातल्याही अनेकांना ही शेपटी रुचली नाही. पण तो विषय वेगळा.

मग आपल्यात भांडण लागतं, की दलवाई खरे की रुकैया? एकाला दुसऱ्याच्या मापानं मोजायचं. मला हे मोजमाप चुकीचं वाटतं. कायदा मागायला मोहल्ल्याची परवानगी लागत नाही. सात माणसं मागू शकतात, एकटा माणूस मागू शकतो, आणि मागणी जितकी स्वच्छ तितकी बरी. मागणीत तडजोड केली तर मागणीच मरते. शाळेला मात्र मोहल्ला रोज सकाळी लागतो. आईनं वेणी घातली पाहिजे, बापानं दार उघडलं पाहिजे, तेव्हा मुलगी येते. अभ्यासिका, दवाखाना, बचत गट हे सगळं याच जातीचं काम. दलवाईंना बस चालवायची नव्हती आणि रुकैयाबेगमना कौन्सिल हॉलवर जायचं नव्हतं. आपण कुठलं काम हाती घेतलंय हे आधी ठरवा, मग एकमेकांना भित्रं किंवा आततायी म्हणा.

आता शेवटचा मुद्दा, तुमच्या रोजच्या चर्चेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटक सरकारनं कॉलेजांतल्या गणवेशाबद्दल आदेश काढला आणि हिजाब घातलेल्या मुली फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयानं आदेश उचलून धरला, सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबरमध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. मुंबईतल्या एका कॉलेजचं प्रकरण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या काळात आपल्यातल्या काही पुरोगामी मित्रांनी लिहिलं की बरं झालं, पडदा गेला. मला ते वाचून वाईट वाटलं. १९११ मध्ये मोहल्ला म्हणत होता, कापड असेल तरच मुलगी शाळेत येईल. या वेळी सरकार आणि कॉलेज म्हणत होती, कापड नसेल तरच येईल. दोन्ही वेळा अट कापडाची, आणि बाहेर राहते ती मुलगी. रुकैयाबेगमचा बुरख्यावरच एक निबंध आहे. त्यात त्या पडदा आणि कोंडून ठेवणं यांच्यात फरक करतात, आणि बुरखा अंगावर आहे म्हणून प्रगती अडत नाही, शिक्षण नाही म्हणून अडते, असं मांडतात. हिजाबची मी चाहती नाही, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. तरीही त्या फाटकावर मी मुलीच्या बाजूनं उभी राहीन. आणि हिजाब घालत नाही म्हणून ज्या मुलीला मोहल्ल्यात टोमणे बसतात, तिच्या बाजूनंही त्याच पायांनी उभी राहीन. हे दुसरं जास्त अवघड जातं, कारण तिथे समोर आपलीच माणसं असतात, आपल्याच घरात जेवलेली.

अभ्यासिकेच्या पडद्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. माझी एवढीच विनंती आहे की लावलात तर तो का लावला आणि कधी काढणार, हे तुमच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. आणि आतल्या मुलींना हे माहीत असू द्या. त्यांच्यापासून लपवू नका.

'सुलतानाज ड्रीम' लहान आहे, दोन चहांच्या मधल्या वेळात वाचून होते. इंग्रजी जुनं असलं तरी अवघड नाही. दुपारच्या गटांना प्रत्येकी एक प्रत दिली आहे. वाचताना प्रत्येक गटानं एक करा: साराच्या जागी आपल्या वस्तीतली एखादी खाला, एखादी आपा ठेवा, आणि ती तुम्हाला तुमचीच गल्ली पंचवीस वर्षांनंतरची दाखवते आहे असं समजून दोन पानं लिहा. मुलग्यांनीही लिहायचं आहे. मर्दान्यात बसून लिहिलंत तरी चालेल.

प्रश्न असतील तर आता घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलीचा हात बराच वेळ वर आहे, तिच्यापासून सुरुवात करू.